अकरा नंबरची बादली

सकाळी पावणेसातला फोन वाजला. विश्रामबागच्या एका कॉलनीतल्या काकू होत्या. "मॅडम, काल माझी तिसरी बादली गेली. आता कचरा पदरात घेऊन दारात उभी राहू का?"

मी सांगलीत स्वच्छता निरीक्षक आहे. काकूंची पहिली बादली संक्रांतीच्या सुमारास गेली, तेव्हाच त्यांनी मला कळवलं होतं. दुसरी गेली तेव्हाही कळवलं. दोन्ही वेळा मी तक्रारवहीत 'किरकोळ' असा शेरा मारला होता. दीड-दोनशे रुपयांची वस्तू, तिचा काय तपास करायचा, असं वाटलं होतं. त्या मंगळवारी मात्र फोन ठेवायच्या आधी काकू म्हणाल्या, "पैशांचं नाही हो. ह्यांचं डायलिसिस असतं, सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सहाला घर सोडावं लागतं. परत येऊन बघते तर बादली नाही. घरात पेशंट आहे, ओला कचरा ठेवू कशात?"

मी स्कूटी काढली.

पाडवा तीन दिवसांवर आला होता. घरोघरी माळे उपसलेले, फाटक्या गाद्या, जुन्या वह्या, गंजके डबे फाटकाबाहेर येऊन पडलेले. या कॉलनीतल्या बादल्या कुणी वाटलेल्या नव्हत्या. लोकांनी वर्गणी काढून एकाच दुकानातून आणल्या होत्या, प्रत्येक घराला एक हिरवी आणि एक निळी, ओल्याला आणि सुक्याला. असं आपणहून करणारी कॉलनी माझ्या भागात ही एकच. म्हणून मला त्या वहीतल्या शेऱ्याची जास्त लाज वाटते.

दारोदार फिरून वहीत लिहून घेतलं. 14 घरांतून 19 बादल्या गेल्या होत्या. लिहितानाच एक गोष्ट लक्षात आली. ज्या घरात आजी-आजोबा असतात, तिथली एकही गेली नव्हती. गेल्या त्या सगळ्या कुलूपबंद घरांच्या. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला, बायको शाळेत किंवा बँकेत. ही माणसं सहा-साडेसहाला बादली फाटकाबाहेर ठेवून निघून जातात.

बादल्या गेल्यावर लोकांनी काय केलं, तेही दिसत होतं. सगळा कचरा एकाच पिशवीत कोंबून गाठ मारायची आणि विजेच्या खांबाला टांगायची. तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांनुसार ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगवेगळा द्यायचा असायचा. ते मी शाळांमधून, महिला मंडळांमधून कितीदा सांगितलंय. पण भांडंच नसेल तर माणूस वेगळं ठेवणार कशात? खालच्या पिशव्या कुत्री फाडतात, वरच्या आमच्या बायका उचलतात. आदल्याच आठवड्यात आमच्या एका ताईनं अशी पिशवी दाबून गाडीत टाकली, आत फुटलेली ट्यूब होती. तळहाताला पाच टाके पडले. हातमोजे दिलेले असतात, पण ते पातळ, आणि ओल्या कचऱ्यात दिवसभर घातले की हात उकडून निघतात. ती बाई टाके घातलेल्या हातानं भाकरी कशी थापत असेल, हे त्या खांबाखाली उभं राहिल्यावर माझ्या डोक्यात आलं.

कॉलनीचा निकाल मात्र लागलेला होता. निवृत्त शिक्षक असलेले एक सर म्हणाले, "मॅडम, त्यात शोधायचं काय? ती कागद-काच वेचणारी बाई येत होती ना, तिचंच काम. आम्ही दमात घेतलं, तेव्हापासून फिरकली नाही. चोर नसती तर आली असती की!"

ती बाई मला ठाऊक होती. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर गावभागात आणि मारुती चौकाकडे भिजलेल्या गाद्या, कपाटं, धान्याची पोती यांचे माणसाच्या उंचीचे ढीग लागले. वास असा की नाकाला बांधलेला रुमालही वास मारायचा. तेव्हा ती आमच्या माणसांबरोबर दिवस दिवस राबली. एका ढिगात तिला चिखलानं माखलेली डबी सापडली, आत मंगळसूत्र होतं. समोरच्या घराचं दार वाजवून तिनं ते परत केलं, मी तिथं उभी होते. सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हाचं वेगळं." मला राग आला, पण हातात पुरावा नव्हता.

साडेनऊच्या सुमारास ती वसंतदादा मार्केट यार्डाच्या बाहेर सापडली. पोतं बाजूला ठेवून चहा पीत होती. मी विषय काढला तशी कप खाली ठेवून म्हणाली, "बाई, बादलीचं वजन अर्धा किलो तरी हाय का? त्याचं भंगारवाला काय देनार? आन् हिरवी-निळी बादली डोक्यावर घेऊन मी गल्लीतनं चालले तर कुनाला दिसनार न्हाई व्हय?" मग थोडं थांबून म्हणाली, "मागच्या बाजूला अपार्टमेंटचं काम चाललंय, तिथं बघा. मला म्हाईत होतं, पन मला कुनी इचारलंच न्हाई. नुसतं चोर म्हनले."

कॉलनीच्या मागच्या भिंतीपलीकडे तीन मजली सांगाडा उभा होता. दुसऱ्या स्लॅबला पाणी मारायचं काम चाललेलं. जिन्याखाली घमेली, थाप्या आणि त्यांच्या शेजारी ओळीनं आमच्या बादल्या. काहींच्या आत सिमेंटचा थर दगडासारखा बसलेला. मोजल्या, 12 होत्या. तेरावी थोडी बाजूला, पत्र्याच्या खोपटाजवळ. दोन-अडीच वर्षांचं पोर त्या निळ्या बादलीत बसून पाणी उडवत होतं. त्याच्या आईनं त्याला बाहेर घेतलं, पाणी ओतलं आणि बादली पालथी घातली. तळाला लाल नेलपॉलिशनं लिहिलेलं होतं, 11. काकूंच्या घराचा नंबर. दुसरी गेल्यावर त्यांनी तिसऱ्या बादलीवर खूण करून ठेवली होती. ही बादली कालच उचललेली.

ती बाई विजापूरकडची, मराठी कानडीच्या वळणाची. मी कोण ते कळल्यावर घाबरून उठली. "अक्का, चोरलं न्हाई. रस्त्यावर पडलेलं असतंय. सकाळी असतंय, दुपारी बारा वाजले तरी तिथंच असतंय. आम्हाला वाटलं, लोकांनी टाकून दिलंय." तिच्या नवऱ्यानंही तेच सांगितलं. माझ्याबरोबरचा आमचा मुकादम मुद्दाम उलटसुलट विचारत राहिला, उत्तर बदललं नाही.

दुपारी बारापर्यंत. माझ्या कागदांप्रमाणे तर त्या कॉलनीत घंटागाडीची वेळ सकाळी सात ते साडेसात.

मी कॉलनीच्या तोंडाशी थांबून राहिले. गेल्या आठ महिन्यांत मी हे एकदाही केलं नव्हतं. गाडी आली बारा वाजून वीस मिनिटांनी. चालकमामांना मला बघून घाम फुटला, पण त्यांनी काही लपवलं नाही. शेजारच्या भागाची गाडी दोन महिने गॅरेजमध्ये पडून आहे, सुट्या भागांचं बिल वर कुठंतरी अडकलंय, म्हणून दोन्ही भाग यांच्याच अंगावर. पहिली फेरी मोठ्या रस्त्याची, कारण तो रस्ता साहेब लोक ऑफिसला निघायच्या आत स्वच्छ दिसला पाहिजे. ती फेरी भरली की डेपो, तिथं वजनकाट्याला रांग, मग परत येऊन कॉलन्या. "मॅडम, मी येतोय रोज. एक दिवस चुकवलेलं नाही. फक्त लवकर यायला जमत नाही."

खरं होतं. रोज येत होते, म्हणून रोजच्या कागदावर कॉलनीपुढे 'पूर्ण' असं येत होतं आणि त्याखाली मी सही करत होते. गाडी आली की नाही, एवढंच तो कागद विचारतो. किती वाजता आली, याला रकानाच नाही. सहाला बाहेर ठेवलेली बादली सहा-सात तास रस्त्यावर बेवारस राहते. काकू सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी नसतात आणि त्यांच्या बादल्या त्याच दिवशी जातात, हेही माझ्या वहीतल्या तारखा लावून बघितल्या असत्या तर जानेवारीतच कळलं असतं.

माझं माहेर तासगाव तालुक्यात. 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा मी पाचवीत होते. ग्रामविकास मंत्री होते आर. आर. पाटील, आमच्याच तालुक्यातल्या अंजनीचे. त्यामुळे आमच्याकडे त्याचं अप्रूप फार. गुरुजी आम्हाला खराटे देऊन गल्ली झाडायला लावायचे, आणि झाडून झालं की स्वतः गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन बघायचे. आम्ही कितीही ओरडून सांगितलं की झालं गुरुजी, तरी चालायचेच. त्या कॉलनीच्या तोंडाशी उन्हात उभी असताना मला ते चालणं आठवलं.

दुपारी मुकादम, चालकमामा आणि मी टपरीवर बसून फेऱ्यांचा क्रम उलटा केला. आधी कॉलन्या, मग मोठा रस्ता. दुकानं दहाच्या आत उघडत नाहीत, त्यांचा कचरा साडेदहाला उचलला तर कुणाचं काही अडत नाही. वरून विचारणा होणार हे माहीत होतं. झालीही, त्याच संध्याकाळी. मी 19 बादल्यांची यादी आणि ताईच्या हाताच्या टाक्यांचा कागद पुढे ठेवला. 'करून बघा' एवढं उत्तर मिळालं, लेखी नाही. बंद गाडी अजून बंदच आहे.

बादल्यांचं वाटप सोपं नव्हतं. चार जणांना पोलिसात जायचं होतं. बांधकामाच्या ठेकेदारानं नव्या बादल्या भरून द्यायचं कबूल केल्यावर ते शांत झाले. उरलेल्या 6 कुठं गेल्या, ते अजून कळलेलं नाही.

काकूंना मी खोपटाजवळचं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, राहू दे लेकराला. त्या एकदम चिडल्या. "अहो, कचऱ्याची बादली ती! तीत लेकराला अंघोळ घालतात? काही व्हायचं त्याला!" आत गेल्या, माळ्यावरून एक कोरी पिवळी बादली काढली, वर मग ठेवला, साबणाची वडी टाकली आणि माझ्याबरोबर चालत आल्या. ती बादली त्या बाईच्या हातात दिली, अकरा नंबरची उचलली आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवून परत फिरल्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, "उद्या सातला येईल ना हो गाडी? मी सहालाच निघते. शेजारच्या वहिनींना सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी गाडी आली. पाडव्याच्या दिवशीही आली.

वेचणारी बाई मात्र आलेली नाही. सर मला दोनदा विचारून गेले, ती हल्ली कुठं असते. मी सांगितलंय, साडेनऊला मार्केट यार्डाच्या बाहेर चहाला थांबते, तुम्हीच जा. परवापर्यंत ते गेले नव्हते.