सर्पगरुडाचं पिल्लू घरटं सोडताना

आंबोलीच्या रानात उन्हाळ्यात ऊन चढलं की आभाळातून सर्पगरुडाची लांबलचक शीळ ऐकू येते. घिरट्या घालताना तो सारखा ओरडतो, म्हणून पक्षी सहज दिसतो. घरटं दिसत नाही. आम्हाला ते एका वनरक्षकांनी दाखवलं, ओढ्याकाठच्या जांभळावर, पार वरच्या दुबेळक्यात. समोरच्या उतारावर बसून दुर्बिणीतून बघायचं, झाडाखाली फिरकायचंसुद्धा नाही, ही त्यांची अट. रास्तच होती. पिसं पुरती भरली नसताना माणूस जवळ आला तर पिल्लू बिथरून वेळेआधीच उडी टाकतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची घरटी विचलित करणं शिकारीतच मोडतं.

सर्पगरुडाची मादी एका विणीत एकच अंडं घालते. ते ४० दिवसांच्या आसपास उबवायचं, मग पिल्लू साधारण दोन महिने सांभाळायचं. जोडीची सगळी मेहनत त्या एका जिवावर. म्हणून वळवाचा वारा सुटला आणि जांभूळ गदागदा हलू लागला की आमच्या पोटात गोळा यायचा.

बहुतेक वेळ काही घडायचं नाही. पांढुरक्या डोक्याचं पिल्लू काटक्यांवर बसून माश्या उडताना बघायचं. एकदा मात्र मोठा पक्षी हरणटोळ घेऊन आला. साप ठेवला आणि लगेच निघून गेला, तुकडे करून भरवणं नाही. पिल्लाने दोन्ही पंख पसरून सापावर आडोसा धरला, पायाखाली दाबला आणि डोक्याकडून गिळायला घेतला. अर्ध्यावर अडकला. मान झटकायची, थांबायचं, पुन्हा ओढायचं. हिरवी शेपटी बराच वेळ चोचीबाहेर लोंबत होती.

पुढे ते घरट्याच्या काठावर उभं राहून पंख मारू लागलं. पाय काटक्यांवरून सुटायचे, पुन्हा टेकायचे. मग शेजारच्या फांदीवर जायचं आणि खायला आलं की धडपडत परत. गरुडाचं पिल्लू एका झेपेत निघून जातं, असं मला लहानपणापासून वाटत आलेलं. इथे ते फांदी फांदी करत दूर चाललं होतं.

खरं उड्डाण झालं ते सकाळी. कोतवाल पक्ष्यांची जोडी त्याच्या डोक्यावर झेपा घेत होती. ते वाकलं, सरकलं आणि सुटलं. ओढा ओलांडून समोरच्या ऐनाच्या पानांत जवळजवळ आदळलंच, पंख फांद्यांत पसरलेले. आम्ही सगळेच उठून उभे राहिलो. त्याने एकेक पंख सावकाश मिटून घेतला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. संध्याकाळी ते खायला पुन्हा घरट्यावर हजर.

उडता आलं तरी शिकार लगेच जमत नाही. काही दिवस आई-बापच त्याला भरवत होते. ते झाड नेमकं कुठे आहे हे आम्ही कोणालाच सांगितलेलं नाही. फोटोसोबतही जागा टाकणार नाही. ती जोडी अजून त्याच रानात आहे.