मोठेबाबांचा कोरा पासपोर्ट

आज पावसाने उघडीप दिल्यामुळे मोठेबाबांसोबत शेतात गेलो होतो. पुण्याला नोकरीस असलेल्या त्यांच्या मुलाने त्यांना सिंगापूर दाखवायचे म्हणून गेल्या वर्षी हौसेने पासपोर्ट काढून दिला, आणि तो अजून कपाटात सातबाऱ्याच्या कागदांखाली कोराच पडून आहे. मी पुन्हा विषय काढला, तेव्हा डवऱ्याच्या (कोळप्याच्या) बैलांवरची नजर न हलवता ते म्हणाले, “माह्यं काय ठेवलं हाय तिथं?”

यामागे भीती असेल किंवा पैशाची काळजी, असे मी आजवर धरून चाललो होतो (शहरात राहून आलेल्या माणसाला निदान करण्याची घाई फार). पण धुऱ्यावरून चालताना त्यांनी पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, पान उलटून खालच्या बाजूचे तुडतुडे दाखवले, नाल्याकाठचा मोह यंदा कमी का फुलला हे सांगितले, आणि या माणसाचे कुतूहल माझ्यापेक्षा कमी नाही, हे मला मान्य करावे लागले.

इमॅन्युएल कान्ट हे जर्मन तत्त्वज्ञ जन्मभर पूर्व प्रशिया या आपल्या प्रांताबाहेर गेले नाहीत, तरी तिथल्याच कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात १७५६ ते १७९६ अशी तब्बल ४० वर्षे त्यांनी भूगोल शिकवला. त्यांची भूक प्रवाशांची वर्णने वाचून भागत असे. मोठेबाबांना तीही गरज वाटत नाही.

आषाढीला पंढरपूर मात्र ते चुकवत नाहीत. त्याला प्रवास म्हटले, तर ते रागावतात.