ग्रँड नदीकाठची जुनी थडगी

किचनरला, कॅनडातल्या ऑन्टारिओत, ग्रँड नदीच्या काठावर १९२६ सालचा एक दगडी टॉवर आहे, लोक त्याचे फोटो काढून निघतात, पण शेजारची छोटीशी दफनभूमी बघाच. १८०० साली पेनसिल्व्हेनियातून आलेल्या शर्ग आणि बेट्झनर या मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबांची थडगी आहेत तिथे. टॉवरच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवायला त्यांच्या त्या कॉनेस्टोगा गाडीची, म्हणजे कापडी छताच्या मोठ्या घोडागाडीची, प्रतिकृतीच बसवलीय, हे मला फार आवडलं.

असे जुने संगमरवरी दगड पावसाने झिजतात, अक्षरं पुसट होतात, आणि कुणी प्रेमाने का होईना तारेच्या ब्रशने नाहीतर ब्लीचने घासलं की उरलीसुरलीही जातात. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बास! तुटलेला दगड सिमेंटने तर जोडूच नका, सिमेंट कडक, दगड मऊ, शेवटी फुटतो दगडच. आणि दगडाला हात लावण्याआधी तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा, अक्षरं नीट उठून दिसतात.