शंभर डॉलरचा डबा

वर्तमानपत्रांत ‘आमिष’ हा शब्द कधी एकटा भेटत नाही. जादा व्याजाचं आमिष, नोकरीचं आमिष, लग्नाचं आमिष. आणि ओळीच्या शेवटी ‘फसवणूक’ ठरलेली. मिनियापोलिसच्या बाहेर हायवेलगतच्या एका मासेमारीच्या दुकानात, मस्की नावाच्या माशाच्या आमिषांच्या भिंतीसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा ती बातमी आतून कळली. आमिष माशासाठी होतं, पण तोंड उघडं पडलं होतं ते माझं.

भिंत म्हणजे खरोखरच भिंत. डोक्याच्या वरपासून पार पोटऱ्यांपर्यंत नुसते टांगलेले लुअर, म्हणजे खोटी आमिषं. वीतभर, दीड वीत, काही तर कोपरापर्यंत पोचतील असे. रबरी, लाकडी, चमचमत्या झालरीचे, एक चक्क बदकाच्या पिल्लासारखा. आणि प्रत्येकाचे दहा-बारा रंग. ‘ह्यात जरा फिका नाही का?’ असं विचारायला मी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. आमिषं घ्यायला आलेय की चोळीचे खण, हे आधी ठरवायला हवं होतं. किंमत बघायला एक लुअर उलटा केला: अठ्ठावीस डॉलर. घरून निघताना नवऱ्याशी शंभर डॉलरवर तह झाला होता.

मस्की म्हणजे मस्केलंज. पाइक कुळातला सगळ्यात मोठा मासा, गोड्या पाण्यातला. लांबुळका, चपट्या थोबाडाचा, तोंडभर दात. पाणवनस्पतीत निश्चल उभा राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की एका झेपेत घेतो. आपल्याकडची मरळ साधारण ह्याच स्वभावाची. कूळ अगदी वेगळं, पण दबा धरायची रीत तीच. मूळ नाव इथल्या ओजिब्वे लोकांचं, ‘माश्किनोझे’च्या जवळ जाणारं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यात सरळ ‘मासा’च ऐकू आला. निव्वळ योगायोग, पण परक्या गावात एवढंही पुरतं.

ह्या माशाला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. गळ दहा हजार वेळा फेकावा, तेव्हा एक मिळतो. आमच्या मिनेसोटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘१०,००० तळी’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे तळ्याला एक फेक, असा हिशेब बसतो. पहिल्या दिवशी मी मोजत होते, जपाला बसल्यासारखी. तीनशेच्या पुढे खांदा बोलायला लागला आणि मी मोजणं सोडलं.

पण ते नंतरचं. आधी डबा.

बाबांचा डबा मी लहानपणापासून पाहिलेला. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावरचं चित्र पुसून गेलेलं. आत तंगुसाची गुंडाळी, चिंधीत खोचलेल्या चार-पाच गऱ्या, शिशाचे तुकडे, एक ब्लेड. बस्स. काठी बांबूची, परसातली. आमिष म्हणजे कोळंबी, तीही आईच्या नजरेतून सुटेल तेवढीच. एवढ्या सामानावर ते कालावलच्या खाडीवर गरवायला जायचे आणि शेंगटी घेऊन यायचे, नशीब जोरावर असलं तर तांबोशी. त्या डब्याला बजेट नव्हतं, कारण त्यात विकत घेण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

दुकानातून मी रिकाम्या हाताने परतले आणि शेजारच्या आजोबांकडे गेले. ते चाळीस वर्षं मस्कीमागे आहेत. त्यांच्या गॅरेजमध्ये लुअरची आणखी एक भिंत आहे. दुकानापेक्षा लहान, पण गंजलेली आणि म्हणून विश्वासार्ह. मी विचारलं, “शंभर डॉलरमध्ये कुठले लुअर घेऊ?” ते म्हणाले, “आधी कटर घे.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग त्यांनी एका लुअरचा हूक माझ्या तळहातावर ठेवला. तीन टोकांचा, जाडजूड, प्रत्येक टोकाला उलटा काटा. असे दोन-तीन हूक एका लुअरला. एवढा मासा उसळी मारताना त्यातला एक आपल्या हातात घुसू शकतो, किंवा माशाच्या कल्ल्याशी असा रुततो की ओढून निघत नाही. तेव्हा हूक तोडायचा, कट्कन, आणि मासा लगेच पाण्यात. हूक दुसरा मिळतो. त्यासाठी लोखंड तोडणारा आखूड, दणकट कटर लागतो. त्याचे छत्तीस डॉलर. मग लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाला जोडायचा तारेचा तुकडा, कारण त्या दातांपुढे नुसती दोरी टिकत नाही. दोन लीडर, चौदा डॉलर. लांब नाकाची पक्कड नवऱ्याच्या हत्यारांतून उचलली. भलंमोठं जाळं आणि आठ फुटी जुना रॉड आजोबांनी हंगामापुरता दिला. एकही लुअर न घेता पन्नास डॉलर संपले होते, आणि त्यातले बरेचसे माशाला सोडण्यावर.

रात्री फोनवर बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “आणि गावलो तर परत सोडूचो?”

हो बाबा, सोडायचा. इथे मस्की घरी न्यायचा तर किमान ५४ इंच लांब हवा, म्हणजे साडेचार फूट. आमचा मुलगा पाचवीत होता तेव्हा तेवढा होता. आणि तेवढा मिळाला तरी जाणती माणसं फोटो काढून सोडूनच देतात. उन्हाळ्यात पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या आसपास गेलं की ती गळच टाकत नाहीत. गरम पाण्यात दमलेला मासा सोडला तरी जगेल ह्याची खात्री नसते. बाबा म्हणाले, “शंभर डॉलरांत म्हयनाभर पापलेटां येतली.” हिशेबात ते आजही चुकत नाहीत.

उरलेल्या पन्नासात काय घ्यायचं हे आजोबांनी एका वाक्यात सांगितलं: जो थकल्यावरही नीट ओढता येईल, तो. म्हणून पहिला बकटेल. तारेवर गरगरणारं पातं आणि मागे हरणाच्या शेपटीच्या केसांची झालर. ह्याला कसब लागत नाही. फेकायचा आणि गुंडाळत राहायचं, थरथर पातंच करतं. चौदा डॉलर. मी काळी झालर घेतली. काळा रंग अंधारात दिसायचा कसा, असा माझा शहाणा प्रश्न होता. मासा खालून बघतो, वर आभाळाचा उजेड असतो, त्यावर काळी आकृतीच सगळ्यात ठळक. पटलं.

(बाजूलाच मेप्सचे छोटे लुअर होते, खारीच्या शेपटीच्या केसांचे. विस्कॉन्सिनमधल्या अँटिगो गावची ही कंपनी शिकाऱ्यांकडून खारींच्या शेपट्या विकत घेते. ‘खारीचा वाटा’ इतका शब्दशः मी दुसरीकडे पाहिलेला नाही.)

दुसरा रबरी, जाड डोक्याचा, लांब वळवळत्या शेपटीचा. अठरा डॉलर. बकटेल वरवर चालतो. हा खोल जातो, ओढला की उठतो, सोडला की बुडतो. थंडी पडायला लागली की ह्याचा काळ. उरलेले दोन आजोबांच्या ओळखीच्या एका गॅरेज सेलमधून, सहा-सहा डॉलरला. एक पाण्यावर गुडगुड वाजत जाणारा, एक जुना लाकडी, शेपटीला पत्र्याची पट्टी असलेला. ती पट्टी वाकवली की बुडी कमी-जास्त होते. दोघांचे हूक गंजलेले, ते बदलायला नऊ डॉलर. एकूण एकशे तीन, टॅक्स वेगळा. नवऱ्याने वरचे तीन माफ केले.

चारही लुअर मी मोठ्या प्रेमाने एका प्लास्टिकच्या डब्यात नीट ओळीने ठेवले. महिन्याभराने उघडला तर रबरी लुअर लाकडीला चिकटलेला. सुटा केला तर रबराबरोबर रंगाचा पापुद्रा आला, आणि डब्याच्या तळाला माशाच्या आकाराचा बुळबुळीत डाग. मऊ रबर आणि रंग शेजारी ठेवायचे नसतात, हे बाळबोध ज्ञान कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटतं सगळ्यांना माहीत असतं. रबराची शेपटीही अर्धी फाटली. ती मी गॅसवर तापवलेल्या सुरीने सांधली. दोन्ही कडा वितळतात, दाबून धरायच्या, गार होऊ द्यायच्या. जोड पक्का बसला. सुरी मात्र कायमची स्वयंपाकघरातून हद्दपार झाली, आणि घरात तो वास दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांपर्यंत होता.

पूर्ण हंगामात वापरले किती? दोन. बकटेल आणि सांधलेला रबरी. बाकीचे दोन डब्यात धीर द्यायला. आजोबांच्या भिंतीवर शेकड्याने आहेत, पण त्यांच्याही बोटीत मी तेच तीन-चार पाहते. एकदा ते आम्हाला विस्कॉन्सिनमधल्या हेवर्ड गावी घेऊन गेले. तिथल्या मासेमारीच्या संग्रहालयाची इमारतच मस्कीच्या आकाराची आहे, १४३ फूट लांब, आणि तिच्या जबड्यात उभं राहून फोटो काढता येतो. आजोबा म्हणाले, ह्याला कुठला लुअर चालेल? मी म्हटलं, भिंतीवरचा अठ्ठावीस डॉलरवाला.

सप्टेंबरच्या एका संध्याकाळी, मिनेटोंका तळ्यावर, बकटेल बोटीपर्यंत आला आणि त्याच्या मागे एक सावली. आधी मला ओंडका वाटला. मग ओंडक्याला डोळा दिसला. मस्की असा पाठलाग करत अगदी बोटीला लागून येतो, आणि तिथे लुअर थांबला तर वळून जातो. म्हणून शेवटच्या क्षणी रॉडचं टोक पाण्यात खुपसून लुअर मोठ्या आठ आकड्यात फिरवत राहायचा. कित्येक मस्की त्या आठावरच लागतात. आजोबांनी हे मला किमान पन्नासदा सांगितलं होतं. आता ते मागून ओरडले, “आठ! आठ!”

मी काढला. माझा हात वरून खाली आला, एक बाक घेतला आणि टोकाला जाऊन थांबला. मराठी आठ. पहिलीच्या पाटीवर गिरवलेला, एक सुरुवात आणि एक शेवट असलेला ८. लुअर पाण्यात उभा राहिला. तो डोळा क्षणभर त्याच्याकडे, मग बहुधा माझ्याकडे बघत राहिला, आणि मासा कसलीही घाई न करता खाली गेला.

आजोबांना समजावायला मला त्यांच्या सिगारेटच्या पाकिटावर दोन्ही आठ काढून दाखवावे लागले. ते बराच वेळ बघत होते. बाबांना फोनवर सांगितलं तर ते इतके हसले की आईने फोन काढून घेतला.

एक डिसेंबरला हंगाम बंद झाला. दुकानाची सेलची मेल येते. कार्टमध्ये एक निळा-चंदेरी लुअर महिनाभर पडून आहे. मागच्या अंगणात फूटभर बर्फ आहे. रोज संध्याकाळी मी रॉड घेऊन तिथे उभी राहते आणि त्याच्या टोकाने बर्फात इंग्रजी आठ काढते. शेजारच्या खिडकीतून आजोबा हात हलवतात: आणखी मोठा, आणखी मोठा.