इलेक्ट्रॉनने स्वतःच केलेला खळगा

तृतीय वर्षाच्या वर्गात इलेक्ट्रॉनच्या स्थानबद्धतेचा पाठ संपत आला असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, इलेक्ट्रॉन खळग्यात अडकतो म्हणता, पण तो खळगा करतो कोण?" मी नेहमीचे उत्तर दिले: स्फटिकातली अशुद्धी, रिकाम्या राहिलेल्या जागा, अणूंची विस्कटलेली मांडणी. अशी अव्यवस्था पुरेशी तीव्र असेल तर इलेक्ट्रॉनचा तरंग एका कोपऱ्यातच आक्रसून राहतो, हे फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले होते. उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते, आणि घरी परतताना लोकलमध्ये ते मला सारखे टोचत राहिले. चुंबकीय पदार्थांत तो खळगा आधीपासून असावाच लागतो असे नाही. इलेक्ट्रॉन तो स्वतः करून घेतो.

ओहोटीच्या वेळी गिरगाव चौपाटीच्या ओल्या वाळूत थोडा वेळ एका जागी उभे राहिले की पाय हळूहळू रुततात. तिथे आधी खड्डा नसतो, आपल्याच वजनाने तो होतो. इलेक्ट्रॉन आपल्या विद्युतभाराने भोवतालचे आयन किंचित सरकवून असाच रुतू शकेल, ही कल्पना लेव्ह लांडाऊ यांनी १९३३ मध्ये मांडली; पुढे तिला पोलरॉन हे नाव मिळाले. चुंबकीय पदार्थांतल्या स्पिन पोलरॉनमध्ये मात्र अणू जागचे हलावे लागत नाहीत, वळतात ते त्यांचे चुंबकीय आघूर्ण, म्हणजे प्रत्येक अणूतला जणू छोटासा चुंबक.

त्याचे कारण उडीत आहे. इलेक्ट्रॉन एका अणूवरून शेजारच्या अणूवर जातो तेव्हा त्याची फिरक (स्पिन) त्या अणूच्या आघूर्णाशी जुळावी लागते. दोन शेजारी आघूर्णांमधला कोन थीटा असेल, तर उडीचे प्रमाण अर्ध्या थीटाच्या कोसाइनइतके उरते, हा अँडरसन आणि हासेगावा यांचा १९५५ मधला निष्कर्ष आहे. आघूर्णे समांतर असली तर वाट पूर्ण मोकळी, काटकोनात असली तर सुमारे ७१ टक्के, आणि परस्परविरुद्ध असली तर पूर्ण बंद. म्हणून विस्कळीत आघूर्णांच्या पदार्थात इलेक्ट्रॉनला एक सोय परवडते: जवळच्या काही अणूंची आघूर्णे एका दिशेला वळवून घ्यायची आणि त्या छोट्याशा लोहचुंबकीय थेंबात वावरायचे. थेंब लहान असला तर इलेक्ट्रॉनला कोंडून राहण्याची गतिज ऊर्जा मोजावी लागते, मोठा केला तर अधिक आघूर्णे वळवण्याची किंमत वाढते. या दोन्हींच्या तोलावर त्याचा आकार ठरतो.

ती किंमत मी फळ्यावर मोजून दाखवली, कारण हा विषय मला तिथेच सर्वांत सुंदर वाटतो. युरोपियम ऑक्साइड या चुंबकीय पदार्थात प्रत्येक युरोपियम आयनाची फिरक ७/२ असते, म्हणजे तिला आठ दिशा मोकळ्या असतात. आठांतून एकच दिशा उरवायची तर एन्ट्रॉपीपायी, म्हणजे विस्कळीतपणा घटवण्यापायी, दर आयनामागे जास्तीत जास्त, बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान गुणिले आठचा नैसर्गिक लॉगॅरिदम, एवढी ऊर्जा द्यावी लागते. ६९ केल्विन या त्याच्या क्युरी तापमानाला, म्हणजे ज्याच्या वर आघूर्णांची एकदिश मांडणी मोडते त्या तापमानाला, ती सुमारे १२ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते, ३०० केल्विनला सुमारे ५४. खोलीच्या तापमानाला हा व्यवहार फार महाग पडतो. उलट क्युरी तापमानाच्या बरेच खाली सगळी आघूर्णे आधीच एका दिशेला असल्याने थेंब करून मिळवायचे काहीच उरत नाही. मधल्या पट्ट्यात, क्युरी तापमानाच्या थोडे वर, आघूर्णे वळायला अर्धीअधिक तयार असतात आणि पोलरॉन सर्वांत सहज तयार होतो. अशा पदार्थांचा विद्युतरोध नेमका याच सुमारास शिखर गाठतो, कारण इलेक्ट्रॉनला आपला सगळा लवाजमा बरोबर ओढत चालावे लागते.

ऑक्सिजन किंचित कमी असलेल्या युरोपियम ऑक्साइडच्या काही नमुन्यांत या तापमानाभोवती रोध दहा लाख कोटी पटींनी बदलतो. तिथे ऑक्सिजनच्या रिकाम्या जागेची ओढ आणि इलेक्ट्रॉनचा स्वतःचा थेंब अशी दोन्ही बंधने एकत्र असतात, म्हणजे वर्गात दिलेले माझे उत्तरही तिथे अर्धे खरे ठरते. मँगॅनाइट या मँगॅनीजयुक्त ऑक्साइडांमधले हे थेंब १९९७ मध्ये लघुकोन न्यूट्रॉन प्रकीर्णनातून, म्हणजे नमुन्यावर न्यूट्रॉन सोडून ते लहान कोनांत कसे विखुरतात हे पाहून, दिसले. आकार सुमारे १२ अँगस्ट्रॉम, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानात लहान घराच्या, जालकपेशीच्या, जेमतेम तिप्पट. न्यूट्रॉन स्वतः इवलासा चुंबक असतो म्हणूनच त्याला हे दिसते. आपल्याकडे मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतले न्यूट्रॉनही चुंबकीय रचना वाचण्याच्या कामी येतात.

पुढच्या तासाला मी छत्तीस लहान चुंबकसूची टेबलावर सहा-सहाच्या ओळींत दाटीने मांडल्या. शेजाऱ्यांच्या ओढीमुळे त्या वाटेल त्या दिशांना तोंड करून थांबल्या होत्या. त्या विद्यार्थिनीने एक छोटा चुंबक त्यांच्यावरून हळूहळू नेला. खालच्या सात-आठ सूची वळायच्या, चुंबक पुढे गेला की थरथरत पुन्हा विस्कटायच्या आणि पुढच्या वळायच्या. मग टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी मोठे पट्टीचुंबक ठेवले. छत्तीसही सूची एका दिशेला लागल्या. तिने तोच छोटा चुंबक त्याच दिशेला जुळवून पुन्हा त्यांच्यावरून नेला, तेव्हा एकही सूची हलली नाही. "म्हणजे बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की थेंब आणि भोवताल सारखेच होतात, आणि इलेक्ट्रॉन सुटतो," ती म्हणाली, आणि चुंबक पुन्हा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन पाहू लागली.