त्या बुरशीच्या पेपरचं काय झालं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जो भेटतो तो हेच विचारतो: 'तुझा तो बुरशीचा पेपर कुठे अडकला?' अडकला नाही, मीच मागे घेतला. गाईडशी भांडण नव्हतं, आळसही नव्हता.

मॅक्रोफेजवर, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींवर, बीटा-ग्लुकन (बुरशीच्या भिंतीतली साखरेची साखळी) टाकलं की टीएनएफ हा दाह पेटवणारा रेणू धो धो येत होता. ग्लुकन ओळखायला पेशीकडे डेक्टिन-१ हा रेणू असतोच, त्यामुळे ८ महिने मला शंकासुद्धा आली नाही. मग लॅब मीटिंगमध्ये मागून एका ज्युनिअरने विचारलं, "एन्डोटॉक्सिन तपासलंत का?" मी खेकसलो, "सगळं ऑटोक्लेव्ह केलंय!" आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, बॅक्टेरिया मरतात, त्यांच्या भिंतीतलं एलपीएस, म्हणजेच ते एन्डोटॉक्सिन, टिकून राहतं; आणि त्यानेही मॅक्रोफेज टीएनएफ सोडतात. काचेवरून ते घालवायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं.

त्याच संध्याकाळी हॉर्सशू क्रॅबच्या रक्तापासून बनवतात ती एन्डोटॉक्सिनची चाचणी लावली. पॉझिटिव्ह. आणि मला चक्क हायसं वाटलं, कारण ती ग्लुकननेही पॉझिटिव्ह येऊ शकते! या पळवाटेवर दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी पॉलिमिक्सिन बी घातलं. ते एलपीएसला धरून ठेवतं. टीएनएफ जवळजवळ कोऱ्या, काहीच न घातलेल्या पेशींइतका खाली आला. ग्लुकनचे कण मात्र पेशी आधीसारखेच गिळत होत्या. म्हणजे डेक्टिन-१ आपलं काम करत असावा, फक्त मी मोजत होतो ते त्याचं एकट्याचं नव्हतं.

ग्लुकनची बाटली विकतची होती, हे खरं. तपासायचं काम माझं होतं, हेही खरं.

पण तेव्हाचा मी अजून वाद घालतो. डेक्टिन-१ आणि टीएलआर४ (एलपीएस ओळखणारा रेणू) एकदम चेतवले तर टीएनएफ दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त येऊ शकतो, हे छापून आलेलं आहे. आतड्यात बुरशी बॅक्टेरियांच्या गर्दीतच राहते. मग माझी भेसळीची बाटलीच खऱ्या शरीराच्या जवळ नव्हती का? तसंच लिहायचं होतंस की! मी त्याला म्हणतो, एलपीएस किती होतं ते सांग, मग लिहितो. तो गप्प होत नाही. उरलेलं मोजायचं होतं, म्हणतो. उरलेलं काही नाही. बाटली मी त्याच आठवड्यात रागाच्या भरात फेकून दिली.