एक केमो पुढे असलेल्या मैत्रिणी

ज्यांचं ब्रेस्ट कॅन्सरचं निदान नुकतंच झालंय त्यांच्यासाठी लिहितेय, आणि त्यांच्या घरच्यांसाठी पण. औषधांचं डॉक्टर सांगतातच, त्यात मी काही बोलणार नाही. पण ट्रीटमेंट चालू असताना रोजचा दिवस कसा काढायचा हे मला ज्यांनी शिकवलं त्या बायका माझ्यापेक्षा एखाद-दोन केमो पुढे होत्या एवढंच, आणि त्या नसत्या तर माझं काय झालं असतं मला खरंच माहीत नाही.

माझं वय ४६, कोथरूडला राहते, एका पतसंस्थेत कॅश काउंटरला आहे. डाव्या बाजूला गाठ, मॅमोग्राफी, बायोप्सी, मग तो आयएचसीचा रिपोर्ट, म्हणजे कॅन्सर कोणत्या प्रकारचा ते सांगणारी तपासणी, त्यात ईआर-पीआर पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा) आणि हर-टू नावाचं प्रोटीन निगेटिव्ह. त्या दिवसांतलं मला फारसं आठवतही नाही. ठरलं असं की आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन आणि शेवटी गोळी. केमोत पहिल्यांदा एसी, म्हणजे ते लाल औषध, दर २१ दिवसांनी असे ४ डोस, आणि मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, असे १२.

पहिल्या केमोला डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीत हडपसरच्या एक ताई होत्या, त्यांची तिसरी होती. माझ्याकडे बघून त्यांना कळलंच असणार, त्या आपणहून म्हणाल्या, "आज-उद्या लघवी लाल होईल, घाबरू नको, रक्त नसतं ते, औषधाचा रंग असतो." मग एकेक सांगत गेल्या, की घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांनी एकदम गळून जाशील तेव्हा त्या दिवसांचा स्वयंपाक आधीच कोणावर तरी सोपवून ठेव, फोडणीचा वास सहन होणार नाही तर कुकर लावताना तू बाल्कनीत जाऊन बस, केस दोन-तीन आठवड्यात जायला लागतील तर उशीवर जुन्या सुती साडीचा तुकडा टाकत जा म्हणजे सकाळी तेवढा झटकला की झालं. डॉक्टरांनी साइड इफेक्टचा कागद दिलेला होता, त्यात हे सगळं होतं पण असं नव्हतं. पुढचा आठवडा कसा जाणार हे कोणीतरी डोळ्यासमोर उभं केलं आणि माझी अर्धी भीती तिथेच गेली. निघताना सिस्टरनी दोघींना विचारून एकमेकींचे नंबर दिले.

त्यातूनच आमचा ग्रुप झाला. वारज्याच्या काकू, त्यांचं ऑपरेशन होऊन गेलेलं. सहकारनगरच्या एक शाळेतल्या बाई. सिंहगड रोडची एक मुलगी, लहान लेकरू घरात, ती माझ्या नंतर आली. हडपसरच्या ताईंची ट्रीटमेंट महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून चालली होती, माझी मेडिक्लेममधून, एरवी आमची कुठे ओळख होण्याचं कारण नव्हतं. बाईंनी पहिल्याच दिवशी नियम घातला की इथे कोणी कोणाला औषध सुचवायचं नाही, कोणाच्या मामेभावाने आणलेली पावडर, काढा, काहीही असो, ते आधी आपापल्या डॉक्टरांना दाखवायचं. हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण नातेवाईकांकडून इतकं काय काय येतं की माणूस गोंधळून जातो, निदान आमच्यात तरी तो गोंधळ नव्हता.

तापाचं मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात आणि तेव्हा १००.४ किंवा त्याच्या वर ताप म्हणजे लगेच हॉस्पिटल, क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही. मला दुसऱ्या केमोनंतर रात्री थंडी वाजून ताप आला, घरचे म्हणाले आता कुठे जायचं, सकाळी बघू. मी ताईंना फोन केला, त्या झोपेतून उठून फोनवर एवढंच म्हणाल्या की रिक्षा मिळत नसेल तर माझ्या मुलाला पाठवते पण आत्ता निघ. निघालो. काउंट खूपच कमी निघाले, अॅडमिट करून सलाइनमधून अँटिबायोटिक दिली. पुढच्या वेळेपासून पेशी वाढवायचं इंजेक्शन सुरू झालं, ते फ्रिजमध्ये ठेवायचं आणि बर्फाच्या पाकिटासोबत न्यायचं असतं, आणि त्याने कंबर-मांड्यांची हाडं ठणकतात, हे पण मला आधी ताईंनीच सांगितलेलं म्हणून ठणकायला लागल्यावर रोग हाडात गेला की काय असं मनात आलं नाही.

ऑपरेशनमध्ये माझं स्तन पूर्ण काढावं लागलं, गाठी दोन ठिकाणी होत्या. घरी येताना बाजूला ड्रेन असतो, नळी आणि तिला डबी, रोज किती मिली जमलं ते वहीत लिहायचं आणि साधारण ३० च्या खाली आलं की डॉक्टर काढतात. ती डबी धरायची कशी, झोपायचं कसं, हेच मोठं काम होऊन बसतं. वारज्याच्या काकूंनी जुन्या लुगड्याच्या दोन पिशव्या शिवून पाठवल्या, गळ्यात अडकवायच्या नाडीच्या, एक धुवायला एक वापरायला. त्याच काकू सुती दोऱ्याचे स्तनाच्या आकाराचे गोळे विणतात, आत मऊ भरण घालून, जखम नाजूक असते तोवर सिलिकॉनचं कृत्रिम स्तन जड पडतं तेव्हा हे ब्लाउजच्या आत ठेवायचे. माझ्यासाठी त्यांनी विणला तेव्हा माप विचारायला फोन केला, आणि अगदी स्वेटरचं माप विचारावं तसं विचारलं, त्या आवाजात कीव नव्हती. मी फोन ठेवल्यावर खूप रडले पण ते रडणं वेगळं होतं.

हात वर जाण्यासाठी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम देतात. आम्ही चौकटीवर पेन्सिलने खुणा करायचो आणि एकमेकींना फोटो टाकायचो. रेडिएशनला डाव्या बाजूमुळे मला श्वास भरून रोखायला सांगायचे, तेवढ्याने हृदय किरणांपासून जरा लांब राहतं. त्याची प्रॅक्टिस बाईंनी माझ्याकडून फोनवर करून घेतली, त्या आकडे मोजायच्या.

नवऱ्याबद्दल पण लिहायला हवं. माझे मिस्टर माझ्यासमोर कधी डगमगले नाहीत. पण खाली कँटीनमध्ये ताईंचे मिस्टर आणि हे चहा घेत बसायचे, कॅशलेसचं अप्रूवल कुठे अडकलंय, योजनेच्या कागदांसाठी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, कधी भेटायचं असलं बोलत, आणि एकदा तिथेच ह्यांना भरून आलं हे मला खूप नंतर ताईंकडून कळलं. सोबत येणाऱ्यालासुद्धा बोलायला आपल्यासारखंच कोणीतरी लागतं.

आता परत रोजच्या आयुष्यात येण्याचं. ट्रीटमेंट संपल्यावर सगळे पेढे घेऊन आले, आणि मला मात्र पहिल्यांदाच खरी भीती वाटायला लागली. तोवर दर आठवड्याला कोणीतरी रक्त तपासत होतं, आता एकदम कोणीच नाही. ग्रुपवर लिहिलं तर हडपसरच्या ताई म्हणाल्या मला पण असंच झालं, जेवण जात नव्हतं. एवढं वाचून सुद्धा बरं वाटलं.

कामावर गेले तर नोटा मोजता येईनात. पॅक्लिटॅक्सेलने बोटांची टोकं बधिर होतात, माझी अजून थोडी आहेत, दोन नोटा चिकटलेल्या असल्या तर हाताला कळायचंच नाही. गणपतीत मोदकाच्या कळ्या पण जमल्या नाहीत, आणि गरम भांडं लागलेलं उशिरा कळतं म्हणून पकड वापरायचीच. मॅनेजरना मी स्पष्ट सांगितलं, त्यांनी काही महिने पासबुक आणि ठेवींच्या कामाला बसवलं आणि मशीनवर मोजणी दिली. डाव्या हाताने कॅशची बॅग उचलत नाही, त्या हाताला सुई आणि बीपीचा पट्टा पण लावू देत नाही, काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्यात त्यामुळे हात सुजण्याचा धोका राहतो. ती शेवटची हार्मोनवरची गोळी, टॅमॉक्सिफेन, चालू आहे, ५ वर्षं तरी घ्यायची. रात्री अंगातून वाफा निघतात, झोपमोड होते. रात्री तीन वाजता ग्रुपवर "कोण जागं आहे" असं टाकलं तर कोणीतरी असतंच.

मधे बाईंचा आजार हाडात निघाला. ग्रुप एकदम गप्प झाला. माझे केस आले, तिचं रिपोर्ट नॉर्मल आलं, हे टाकायचं तरी कसं असं प्रत्येकीला वाटायला लागलं. बाईंनीच एक व्हॉइस मेसेज टाकला, की मी इथेच आहे, माझ्या गोळ्या चालू आहेत, शाळेत पण जातेय, तुमच्या चांगल्या बातम्या माझ्यापासून लपवल्यात तर मला जास्त एकटं वाटेल. तेव्हापासून आम्ही सगळं टाकतो, केसांचे फोटो सुद्धा. त्यांच्या स्कॅनच्या दिवशी आमच्यातली एक जण सोबत जाते, कोण ते आळीपाळीने ठरवतो.

सिंहगड रोडच्या मुलीची पहिली केमो होती त्या दिवशी मी रजा घेऊन गेले होते. तिला लाल लघवीचं सांगितलं, तापाचं सांगितलं, लेकराला कडेवर घ्यायचं काही दिवस कोणाला तरी सांग म्हटलं. आता ती पॅक्लिटॅक्सेलवर आहे आणि नवीन आलेल्या कोणाला तरी मेसेज करत असते.

तुमच्याकडे असं कोणी नसेल तर डे-केअरच्या सिस्टरला सांगून ठेवा, की बोलायला तयार असलेली, आपल्यासारखीच ट्रीटमेंट चाललेली कोणी पेशंट असेल तर तिला विचारून माझा नंबर द्या. आणि तुमच्या दोन-तीन केमो झाल्या असतील तर सिस्टरला स्वतःचं नावही देऊन ठेवा.